वाक

जुनी मोडली ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी,
लो स्टान्योनेच्या खाडीत, जेमतेम गुडघाभर पाण्यात.
आवाज असा झाला की मिठागरात फावडं मारणाऱ्या बाबांनी
तिथूनच मान वर करून विचारलं,
"तू, की फळी?"
"फळी."
ते पुन्हा मिठाकडे वळले.

आता गास्पारेचं दुकान. भिंतीला टेकून तीन फळ्या,
आणि मी, स्थळ बघायला आलेल्या आत्यासारखी,
एकेकीला उलटीपालटी करून बघणारी.

पहिली काळी, कार्बनची.
बोटाच्या पेराने वाजवली: टण्ण. नीट भाजलेलं मडकं.
तळवे टेकून मधोमध दाबली, हललीच नाही.
मोडेन पण वाकणार नाही, या जातीची.
"हिच्याइतकी उडी कोणाची नाही," गास्पारे म्हणतो,
"कड रोवायची, पाण्याला लाथ मारायची,
वारं प्यायलेल्या वासरासारखी सुटते."
सुटते, खरंय.
उतरते कशी, ते तो सांगत नाही.
ते माझा डावा गुडघा सांगतो,
पालेर्मोच्या इस्पितळात बसवलेल्या दोन स्क्रूंसह.

दुसरी लांब, सपाट, मवाळ.
"ही घेऊ नकोस, क्रोचिफिस्सा,
हिच्यावर उभं राहून लोक सूर्यास्त बघतात."
सूर्यास्त मीही बघते.
पण त्यासाठी फळी लागत नाही.

तिसरी वापरलेली. निन्फाची.
निन्फा एकोणीस वर्षांची, तिला आता फळ्या फुकट मिळतात.
कडेला दोन खोका, तळाला खोल पन्हळी,
जमिनीवर ठेवली की दोन्ही टोकं वर,
हसू दाबून धरलेल्या ओठांसारखी.

मला हवंय एकच.
हवेत असताना, पतंगाचा दांडा कमरेपासून सोडवलेला असताना,
पाठीमागून तो एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा.
एकदा. हिवाळ्याआधी.
त्रेचाळिसाव्या वर्षी माणसं याहून वाईट हट्ट धरतात.
त्या मधल्या क्षणात दांडा एकाच हातात असतो,
दुसरा पाठीमागे चाचपडत असतो,
अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.
तेवढी उंची मवाळ फळी देत नाही.
ताठ फळी देते, आणि मग वसूल करते.

हे सगळं मी गास्पारेला सांगत असताना
बाबा आत आले. गमबूट, बुटांवर मिठाची पांढरी रेघ.
या दुकानात ते कधी आले नव्हते.
किमतीचा कागद वाचला नाही, वजन बघितलं नाही.
तिसरी फळी जमिनीवर ठेवली, तिच्यावर चढले,
चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे वाकवून
दोनदा हलके डुलले.
गास्पारेने हात पुढे केला, धरायला. त्यांनी तो धरला नाही.

"हिला पोट आहे," बाबा म्हणाले.
मग बराच वेळ फावड्याच्या दांड्याबद्दल बोलले:
फार ताठ असला तर खांदा खातो,
फार लवला तर मीठ वाटेत सांडतं,
आणि चांगला दांडा कसा ओळखायचा
हे त्यांना कधीच सांगता आलेलं नाही,
पाच-सहा मोडावे लागतात.
"केवढ्याला?"
गास्पारेने आकडा सांगितला.
बाबांनी मनातल्या मनात त्याच्या मिठाच्या गाड्या केल्या, तोंड वाकडं केलं,
आणि निघून गेले.

रात्री मी बूट बसवले. निन्फाची पावलं लांब लांब रोवलेली,
मी दोन्हीकडून एकेक भोक आत आले,
चवडे बदकासारखे बाहेर.
शेवटचा स्क्रू आवळताना
माझ्याच गुडघ्यात काहीतरी घट्ट झाल्यासारखं वाटलं.
उगाच.

त्यानंतर चार दिवस वारा नाही.
पवनचक्क्या थिजलेल्या, खाडी ताटातल्या पाण्यासारखी.
फळी स्वयंपाकघरात, फरशीवर,
मधोमध टेकलेली, बाकी अधांतरी.
पहाटे कामावर जाताना बाबा
बुटाच्या टोकाने तिचं एक टोक दाबतात,
दुसरं उचलतं.
दार लागतं.
ती बराच वेळ डुलत राहते.